पेपरमिंट म्हणून घेतली, निघाली कॅमल

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कोळंबी शिजते. तरी मी फसलो तो कोळंबीतच.

माझा मिठाच्या पाण्याचा टँक (घरचं अक्वेरियम) छोटा, जेमतेम ६० लिटरचा. झोआ म्हणजे प्रवाळासारखे छोटे समुद्री जीव; त्यांच्या एका तुकड्याला चिकटून ऐपटेशिया, म्हणजे एक उपद्रवी समुद्रफूल, आत आला. तपकिरी देठ, वर डोलणाऱ्या शेंड्या. मी तो ब्लेडने खरवडला, हा माझाच गाढवपणा. बुडाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवा उगवतो. दोन-तीन महिन्यांत एकाचे वीस झाले.

पेपरमिंट नावाची कोळंबी ऐपटेशिया खाते, म्हणून ती घ्यायला गेलो. मुंबईतल्या एका दुकानदाराने नऊशेला एक अशा तीन कोळंब्या दिल्या. "सर, पेपरमिंट आहे, आठवड्यात साफ!" पिशवीवर मार्करने तेच लिहिलेलं. आठवडा गेला, ऐपटेशिया जिथल्या तिथे. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही खायला घालता ना, मग ती कशाला खातील? उपाशी ठेवा." ठेवल्या. चौथ्या रात्री टॉर्च मारून पाहतो तर तिघी झोआंवर बसून कुरतडताहेत आणि शेजारी ऐपटेशिया मजेत झुलतोय.

त्या कॅमल श्रिंप होत्या. पाठीला कुबड, डोळे मोठे, आणि लाल पट्ट्यांच्या मधे पांढऱ्या रेघा नि ठिपके. पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर नुसत्या लाल रेघा. पांढरं काही नाही. पांढरं दिसलं की पैसे खिशातच ठेवा. पेपरमिंट मूळची कॅरिबियनकडची, तर कॅमल आपल्या हिंदी महासागरातही सापडते. दुकानदाराला फरक कळला नाही असं मी धरून चाललो होतो. फोटो पाठवल्यावर तो म्हणाला, "सर, जात एकच, नाव वेगळं." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

(खरी पेपरमिंटही लहान ऐपटेशियाच खाते, मोठ्याच्या वाटेला बहुधा जात नाही. हेही तो बोलला नव्हता.)

आता मी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुनाच, घट्ट कालवून पंप बंद करतो आणि सिरिंजने थेट ऐपटेशियाच्या तोंडावर सोडतो. दिवसाला दोन-तीनच, कारण एवढ्याशा पाण्यात जास्त चुना गेला तर पीएच उडी मारतो. वीसातले पाच उरलेत. झोआ मात्र गेले ते गेलेच.

तिघी वेगळ्या टाकीत आहेत, चांगल्या माजल्यात. बायको रोज विचारते, "नऊशेवाल्या जेवल्या का?"