'पाकेत आरांझमान': बँड तीन, पण पैसे वसूल एकाच्याच जिवावर

समाजवादी देशातला पंक, म्हणजे बंडखोर, खडबडीत रॉक, म्हटलं की तळघरातली चोरटी मैफल, हातोहात फिरणाऱ्या कॅसेट आणि दारात पोलीस एवढंच आपल्याला सुचतं. त्या अपेक्षेने ही रेकॉर्ड घ्याल तर हिरमोड होईल. युगोस्लाव्हियात १९८१ मध्ये ती झाग्रेबच्या 'युगोटोन'ने रीतसर काढली. खासगी मालक नसलेली, तिथल्या व्यवस्थेतली ही बडी कंपनी. लोकगीतं तीच छापायची, गुळगुळीत पॉप तीच छापायची, आणि बेलग्रेडच्या या पोरांचा आरडाओरडाही तिनेच छापला. देशाचा सर्वेसर्वा टिटो वारून तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं.

बँड तीन: शार्लो आक्रोबाता, इदोली आणि एलेक्त्रिच्नी ओर्गाझम. तिघेही बेलग्रेडचे. एन्त्सो लेसिचच्या 'द्रुगा मात्सा' स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. गाणी अकरा, आणि ती बँडनुसार वेगळी न लावता एकमेकांत मिसळलेली. मला हे आवडलं, कारण एकाचा कंटाळा यायच्या आत दुसरा येतो.

मी बास गिटार वाजवतो, तेव्हा माझं झुकतं माप कुणाला ते आधीच सांगून टाकतो. शार्लोची चार गाणी या रेकॉर्डवर नसती तर मी हा परिचय लिहायला बसलोच नसतो. माणसं तीन: गिटार आणि गाणं मिलान म्लादेनोविच, बास दुशान कोयिच म्हणजे 'कोया', ड्रम्स इवान व्दोविच. 'ओको मोये ग्लावे' लावा आणि पहिल्या खेपेला गिटारकडे लक्षच देऊ नका. बास हा गिटारच्या मागून चालायचं सोडून पुढे घुसतो, धून तोच ओढतो, आणि गिटारला उरलेल्या फटींत जागा शोधावी लागते. व्दोविच तर सरळ ठेका धरायचाच नाही अशी शपथ घेतल्यासारखा वाजवतो. रेगे, स्का, डब हे जमैकाचे ठेके सगळे त्याच्या हातात आहेत, पण कुठलंच पूर्ण होऊ देत नाही. आता सम येणार म्हणून आपण मान हलवावी, तर गडी दुसरीकडेच. 'माली चोवेक' या गाण्यातल्या सामान्य माणसाला आखलेली रेघ ओलांडायची आहे, पण धाडस होत नाही. बस, एवढंच. कुणाचं नाव नाही, घोषणा नाही. सेन्सॉरने बोट तरी कशावर ठेवायचं?

इदोली हुशार. जरा जास्तच हुशार, असं माझं मत. त्यांचं 'माल्यचिकी' म्हणजे सोव्हिएत पोस्टरची टिंगल: पहाट लालभडक, कारखान्याचा भोंगा, कामावर जायला आसुसलेला आदर्श तरुण, आणि वर रशियन शब्दांची फोडणी. मॉस्कोत हे खपलं नसतं. पण टिटो आणि स्टालिन यांचं १९४८ मध्येच फाटलं होतं, युगोस्लाव्हिया सोव्हिएत गटाच्या वॉर्सा लष्करी करारात नव्हता, त्यामुळे थोरल्या भावाची नक्कल करायला बेलग्रेडमध्ये मोकळीक होती. त्यांचा गायक व्लादा दिव्ल्यान याची चाल मात्र अस्सल. विनोद कळला नाही तरी गाणं दिवसभर डोक्यातून जात नाही.

ओर्गाझमचा गायक स्र्जान गोयकोविच, सगळे त्याला 'गिले' म्हणतात. सोबतीला ऑर्गन, आणि तो गोड वाजत नाही, कानात खुपतो. त्यांचं 'झ्लात्नी पापागाय' हे बेलग्रेडच्या त्याच नावाच्या कॅफेवर आणि तिथे मिरवणाऱ्या पैसेवाल्यांच्या नटव्या पोरांवर आहे. समाजवादी राजधानीत पंकवाल्यांच्या डोक्यात तिडीक जाते ती पक्षामुळे नाही, कॅफेतल्या श्रीमंत पोरांमुळे! त्या समाजाबद्दल लांबलचक लेखात जे मिळत नाही ते इथे एका गाण्यात मिळतं. संगीत म्हणून मात्र हाच बँड सगळ्यात जुना वाटतो. 'क्रोकोदिली दोलाझे' जोरात लावायला मजा येते, लक्ष देऊन ऐकायला तेवढी नाही.

पुढचं माहीत असलं की ऐकणं बदलतं. शार्लो त्याच वर्षी एक अल्बम करून फुटले. मिलानने पुढे एकातारिना वेलिका हा बँड नावारूपाला आणला, कोयाने दिस्त्सिप्लिना किच्मे हा बँड. इदोलींतले शापेर आणि क्र्स्तिच पुढे राजकारणाच्या वर्तुळात गेले; शापेरने जाहिरातीच्या धंद्यातही नाव काढलं. १९९२ मध्ये युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलेलं असताना मिलान आणि गिले 'रिम्तुतितुकी' नावाच्या तात्पुरत्या बँडमध्ये एकत्र आले आणि ट्रकवर चढून बेलग्रेडच्या रस्त्यांवरून युद्धाविरुद्ध वाजवत फिरले. व्दोविच त्याच वर्षी गेला, मिलान १९९४ मध्ये. युगोटोनचं नाव बदलून 'क्रोएशिया रेकॉर्ड्स' झालं. झाग्रेब आता क्रोएशियात, बेलग्रेड सर्बियात; म्हणजे बेलग्रेडच्या तीन पोरटोळ्यांची रेकॉर्ड आता परदेशी कंपनीच्या यादीत.

आता खरेदीचं. माझी प्रत जुनी, युगोटोनचीच, बेलग्रेडच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातली. दुकानदाराने 'छान आहे' म्हणून दिली, पण गाण्यांच्या मधल्या शांत जागी चरचर भरपूर. दोष छपाईचा नाही, आधीच्या मालकाने पार्ट्यांत घासून घासून वाजवली असणार. तेव्हा जुनी घेताना उजेडात तिरकी धरून बघा आणि शक्य झालं तर दुकानातच सुई ठेवून ऐका. आवाज एकूण कोरडा, मधल्या पट्टीत दाटलेला; मोठे स्पीकर असतील तर बास एक घर वर चढवा, कोयाला न्याय मिळेल. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका, अर्धी रेकॉर्ड तिथे ऐकूच येत नाही. भाषा येत नाही याची अडचण फक्त इदोलींच्या बाबतीत जाणवते, कारण त्यांची अर्धी गंमत शब्दांत आहे.

पाचपैकी चार तारे. एक तारा ओर्गाझमने घालवला.

ही आवडली तर पुढे काय म्हणून जाणकार इदोलींच्या १९८२च्या अल्बमकडे बोट दाखवतात. तो घ्याच, पण आधी शार्लोचा तो एकुलता एक अल्बम मिळवा.