गोनल-एफ पेन: अंडी वाढवायचं इंजेक्शन घरी घेणाऱ्यांसाठी

आयव्हीएफमध्ये पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण ८ ते १२ दिवस अंडी वाढवायचं इंजेक्शन रोज घ्यावं लागतं. केज किंवा कंधारहून संभाजीनगर-नांदेडला फक्त सोनोग्राफीपुरतं येणाऱ्या बाईला ते घरीच टोचावं लागतं. तिच्यासाठी हे औषध भरलेलं पेन पैसे मोजून घेण्यासारखं आहे.

कारण एचएमजीची (अंडी वाढवायचं दुसरं, स्वस्त इंजेक्शन) पावडर घरी कालवताना चुका होतात. बाटली जोरात हलवली की फेस येतो, सिरिंजमध्ये हवा शिरते, थोडं औषध तळाशी राहतं आणि डोस कमी पडतो. पेनात एफएसएच (अंडी वाढवणारं हार्मोन) तयार द्रावणातच येतं. बटण १२.५ युनिटच्या टप्प्याने फिरतं, म्हणून सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी २२५ चे १८७.५ केले तरी अडत नाही.

पेन ३००, ४५० आणि ९०० युनिटचं असतं. घेण्याआधी मेडिकलच्या काउंटरवरच हिशेब करा. रोज २२५ असतील तर ९०० चं पेन बरोबर चार दिवस पुरतं. १० दिवसांचे २२५० युनिट म्हणजे ९०० ची दोन आणि ४५० चं एक. ३०० चं घेतलं तर पहिल्याच दिवशी ७५ उरतात आणि दुसऱ्या दिवशी दोनदा टोचावं लागतं. मात्र डोस मध्येच बदलू शकतो, त्यामुळे सगळी पेनं एकदम घेऊ नका.

सगळ्यात मोठी गफलत पेन संपताना होते. टोचल्यावर खिडकीत ० दिसला तरच डोस पूर्ण गेला. ७५ दिसले तर तेवढे युनिट अजून बाकी आहेत, ते नव्या पेनातून त्याच वेळी घ्यायचे. बटण शेवटपर्यंत दाबून निदान पाच सेकंद धरा आणि ते दाबलेलं असतानाच सुई बाहेर काढा. नवीन पेन पहिल्यांदा वापरताना सुईच्या टोकाशी थेंब दिसला नाही, तर २५ वर फिरवून सुई वर धरून बटण दाबा. सुई रोज नवी.

आता आपल्याकडचा उन्हाळा. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. २५ अंशांखाली ते तीन महिने बाहेर राहतं (मग परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही), पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर ही सवलत विसरा. एसटीने नेताना बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा. पेन बर्फाला चिकटून गोठलं तर वाया गेलं. घरी फ्रीजरच्या कप्प्याखाली ठेवू नका, आणि वीज गेली की फ्रिज उघडू नका.

काही गोष्टी पेन करत नाही. ते एचएमजीपेक्षा महाग आहे, पण त्यामुळे मूल राहण्याची शक्यता फारशी वाढत नाही. पैसे सोयीचे आणि अचूक डोसचे. यात एलएच (अंडी पिकायला मदत करणारं दुसरं हार्मोन) नसतं, डॉक्टरांना ते हवं असेल तर एचएमजी जोडावंच लागतं. अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून सेट्रोरेलिक्स आणि शेवटचं, अंडी पिकवायचं ट्रिगर ही इंजेक्शनं वेगळी. पीसीओडी असेल किंवा एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) जास्त असेल तर स्वतःहून एकही युनिट वाढवू नका, अंडाशयं प्रमाणाबाहेर सुजू शकतात: पोट फुगणं, दम लागणं, लघवी कमी होणं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

उघडलेलं पेन २८ दिवसांनी टाकून द्यायचं. थोडं औषध उरलं म्हणून पुढच्या सायकलसाठी किंवा जावेसाठी ठेवायचं नाही.