टोयोटा २२आरई: स्टील गाइडचा टायमिंग किट

अमेरिकेत टोयोटाचा जुना पिकअप वापरत असाल आणि जंकयार्डातून त्याचं सुटं २२आरई (चार सिलिंडरचं पेट्रोल) इंजिन आणलं असेल, तर पहिले पैसे स्टील गाइडच्या या टायमिंग चेन किटवर घाला. १९८३ पासून या इंजिनात एकपदरी टायमिंग चेन (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी) आणि तिला जागेवर धरणारे प्लास्टिकचे गाइड आले. ड्रायव्हरकडचा गाइड तुटला की सैल चेन तिच्यावरचं झाकण, म्हणजे टायमिंग कव्हर, कापत जाते आणि भोक पडलं की कूलंट थेट ऑइलमध्ये. किटमधले स्टीलच्या पाठीचे गाइड तसे तुटत नाहीत. स्वस्त किटचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) मात्र भरवशाचा नाही, तो टोयोटाचाच घ्या.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. १४२ पीएसआयच्या खाली असेल तर नुसत्या किटने भागणार नाही. हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) काढताना पुढच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या गिअरजवळ साचलेल्या ऑइलखाली एक बोल्ट लपलेला असतो. तो राहिला आणि हेड उचललं तर टायमिंग कव्हर फुटलंच म्हणून समजा! हेड ०.१५ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर मशीनवर सपाट करून घ्या. हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत ७८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे.

ऑइल पॅन उघडाच. गाइडचे तुकडे ऑइलच्या जाळीत (स्ट्रेनर) अडकलेले सापडतात, आणि इंजिन गाडीबाहेर असताना हे काम फार सोपं जातं. शेवटी गरम इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावा: इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिमी.