गणपती पेठेतला दोन लिटरचा मापाचा जग: 16 महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू साधीच आहे. पारदर्शक प्लास्टिकचा दोन लिटरचा जग, दर 100 मिलीला खूण. गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगलीत गणपती पेठेतल्या भांड्यांच्या एका दुकानातून घेतला. 140 सांगितले, 120 ला दिला. "काकू, सरबताला ना?" म्हणाला दुकानदार. मी हो म्हटलं. कुत्र्याचं पाणी मोजायला हवाय, हे त्या गर्दीत सांगायला जीभ रेटली नाही.

कुत्रा म्हणजे आमचा बंड्या. पामेरियन म्हणून आणला आणि वाढत वाढत 11 किलोचा झाला, त्यामुळे नक्की कोण ते देवालाच ठाऊक. आता तेरावं चालू आहे. 2019 च्या पुरात गावभागातलं घर सोडताना ह्यांनी कागदपत्रांची पिशवी माझ्या हातात दिली आणि बंड्याला स्वतःच्या खांद्यावर घेतलं. घरात कोणाचा नंबर कितवा, ते मला त्या दिवशी कळलं.

जग घ्यायच्या आधीच्या डिसेंबरपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. ऐन थंडीत धापा टाकायचा. पोट सुटलेलं, पाय मात्र काटक्या. सोफ्यावर उडी मारायचा तो, आता पुढचे पाय टेकवून आमच्याकडे बघत राहायचा. भूक अशी की मटार सोलायला बसले तर सालं पळवायचा. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "खाऊनपिऊन सुखी दिसतोय हो." कमरेवरचे केस विरळ झाले, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागली. पोटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आतल्या निळ्या शिरा दिसायच्या. आणि जन्मात कधी घरात शू न केलेला हा कुत्रा पहाटे तीनला दारापाशी तळं करून कोपऱ्यात कान पाडून बसायचा.

आधी दाखवलं तिथे सांगितलं, वय झालंय. कोणीतरी सुचवलं, रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवा. आम्ही दोन रात्री उचललं. दुसऱ्या रात्री तो न्हाणीघरातली ओली फरशी चाटताना सापडला. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी म्हातारा कुत्रा असा पाणी पीत असेल तर कृपा करून भांडं उचलू नका. बहुतेक वेळा तो जास्त पितो म्हणून जास्त शू करत नाही. शू थांबत नाही म्हणून तो पितो. पाणी काढून घेतलं तरी लघवी होतच राहते आणि अंगातलं पाणी संपतं.

मग मिरजेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "पाणी किती पितो?"

"भरपूर," हे म्हणाले.

"म्हणजे किती मिली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमचे हे 33 वर्षं पाटबंधारे खात्यात होते. कोयनेत किती टीएमसी, अलमट्टीतून विसर्ग किती, सगळं तोंडपाठ. घरच्या कुत्र्याचं पाणी माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, किलोमागे दिवसाला 100 मिलीच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. तीन दिवस मोजून आणा. परतताना थेट गणपती पेठ.

आता जगाबद्दल. आल्या आल्या ह्यांनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेतलं गणित. एक लिटरच्या खुणेला 1,020 ग्रॅम भरलं. 20 मिलीची चूक 120 रुपयांत माफ. मोजायची रीत अशी: सकाळी सातला जग दोन लिटरपर्यंत भरायचा, दिवसभर भांड्यात फक्त त्यातूनच ओतायचं, दुसऱ्या दिवशी सातला भांड्यातलं उरलेलं परत जगात ओतून वजा करायचं. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, न्हाणीघरातली बादली, कामाच्या मावशींची फरशी पुसायची बादली, सगळ्यांवर झाकण. पहिल्या दिवशी मावशींनीच हिशोब बिघडवला. "तहानलं होतं बिचारं, म्हून नळाचं दिलं वाईच."

त्यावर ह्यांनी कडी केली. तेवढंच दुसरं भांडं पाणी भरून कपाटावर ठेवलं, बंड्याला पोहोचणार नाही असं. धरणातल्या पाण्यातून बाष्पीभवन वजा करतात ना, तसं. पंख्याखाली दिवसाला 60-70 मिली उडून जात होतं. मी कपाळावर हात मारला, पण आकडा वहीत लिहिला.

तीन दिवसांचे आकडे: 1640, 1720, 1810. अकरा किलोच्या कुत्र्याची मर्यादा 1100. वही बघून मॅडम खुर्चीत सरळ बसल्या. साखर नाही, किडनी ठीक, रक्तात एएलपी (यकृताशी संबंधित एन्झाइम) चांगलंच वाढलेलं, लघवी पाण्यासारखी पातळ. खाजेसाठी कधी स्टेरॉईडच्या गोळ्या, इंजेक्शन, मलम वापरलंत का, हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण त्यानेही हेच सगळं होतं आणि मग उपचार वेगळा. वापरलं नव्हतं. पुढची तपासणी आठ तासांची. आधी रक्त घेतात, मग डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचं अगदी थोड्या मात्रेचं इंजेक्शन देतात, चौथ्या आणि आठव्या तासाला परत रक्त. निरोगी कुत्र्यात त्या इंजेक्शनने कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातच बनणारं स्टेरॉईड हार्मोन, खाली बसतं, बंड्याचं बसलं नाही. सोनोग्राफीत मूत्रपिंडांजवळच्या दोन्ही अॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या दिसल्या.

आजाराचं नाव कुशिंग. मेंदूच्या तळाशी असलेल्या इवल्याशा पिट्युटरी ग्रंथीवर गाठ येते, ती अॅड्रिनलला सारखं "अजून कॉर्टिसॉल बनव" सांगत सुटते. दहातल्या आठ-साडेआठ कुत्र्यांत कारण हेच, बाकीच्यांत गाठ अॅड्रिनलवरच असते. कॉर्टिसॉल वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून ती पहाटेची तळी.

औषध ट्रायलोस्टेनची कॅप्सूल. सांगलीत मिळाली नाही, पुण्याहून मुलाने पाठवली. डोस इथे लिहीत नाही, तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा. जेवणासोबतच द्यायची, फोडून भुकटी करायची नाही, हात धुवायचे. आणि गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही. नेमकी तेव्हा सूनबाई डोहाळजेवणाला आलेली, म्हणून डबा थेट ह्यांच्या टेबलाच्या कुलपात. महिन्याचा खर्च सांगत नाही. जगाच्या किमतीशी तुलना केली तर जग फुकटच.

वहीत ह्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. 900 ला पिवळी, इशारा पातळी. 1100 ला तांबडी, धोका पातळी. सांगलीकरांना समजावून सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट इशारा, 45 धोका, आणि पावसाळ्यात गावभागात "चहा झाला का"च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात. आता आमच्या जिन्यातही सकाळी तोच प्रश्न येतो, पण बंड्याबद्दल. कॅप्सूल सुरू झाल्यावर पाणी आठवड्याभरात तांबड्या रेघेखाली आलं, तीन आठवड्यांत 700 वर. पहाटेची तळी बंद. केस मात्र यायला चार महिने लागले, कमरेवर आधी मऊ कापसासारखे आले.

या जगाने खरी किंमत वसूल केली ती जूनमध्ये. एका सकाळी वजाबाकी करून हे खूश: "फक्त 240!" मला ते काही पटेना. बंड्याने रात्रीचा चिकन-भात तसाच ठेवला होता, उठायला नको म्हणत होता, अंगणात पिवळी उलटी पडली होती. मॅडमना फोन केला. आकडा ऐकताच म्हणाल्या, आजची कॅप्सूल देऊ नका, लगेच घेऊन या. कॉर्टिसॉल जरुरीपेक्षा खाली गेलं होतं, सोडियम कमी, पोटॅशियम वाढलेलं. दिवसभर सलाईन. काही दिवस औषध बंद, मग कमी डोसने परत सुरू. ह्यांनी त्या दिवशी वहीत तिसरी रेघ मारली, 350 ला, निळी. पुराची दोन टोकं ठाऊक होती, दुष्काळाची राहिली होती म्हणाले.

जगावर विसंबून रक्त तपासायचं टाळू नका. डोस बदलला की 10-14 दिवसांनी, मग महिन्याने, नंतर साधारण तीन महिन्यांनी एसीटीएचची (कॉर्टिसॉल किती बनतंय ते बघायची) तपासणी होते, तीही कॅप्सूल दिल्यावर चार ते सहा तासांनी. म्हणून कॅप्सूल सकाळच्या खाण्यासोबत. पण रोज सकाळी रक्त कोण काढणार?

तक्रारी आहेत. जगावरच्या लाल छापील रेघा दोन महिन्यांत काथ्याने निघून गेल्या. खाली प्लास्टिकमध्येच उठवलेल्या खुणा होत्या म्हणून निभावलं, त्यांवर मी नेलपॉलिश लावलं. घेताना बोट फिरवून बघा, खुणा हाताला लागल्या पाहिजेत. चोच जाड आहे, शेवटची धार खाली सांडते आणि ह्यांचा 10 मिलीचा हिशोब चुकतो. झाकण मिळालं नाही. दांड्याला मार्चमध्ये चीर गेली, सध्या चिकटपट्टीवर चाललाय. पाचपैकी चार तारे, एक दांड्याचा कापला.

दुसरा आणायला परवा त्याच दुकानात गेले होते. आता 150 म्हणतोय. या वेळी खरं सांगितलं, कुत्र्यासाठी हवाय. तरी 150 च.

आज सकाळी सातला बंड्या 620. आयर्विनला 18 फूट.