मायक्रोसॅटेलाइट की एसएनपी? बेटावर उरलेल्या मोजक्या झाडांसाठी

एखाद्या बेटावर उरलेल्या थोड्या झाडांची जनुकीय विविधता तपासायची आहे आणि पैसे एकाच पद्धतीला पुरणार आहेत, अशा पेचात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत: मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएत एकच छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो त्या तुकड्यांची लांबी मोजणं, आणि एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचा फरक वाचणं.

मायक्रोसॅटेलाइट जुनी झाली म्हणून मोडीत काढू नये. हवाईतल्या मौना केया डोंगरावर सिल्व्हरस्वर्ड या दुर्मीळ झाडाची 1500 हून जास्त रोपं पुन्हा लावली गेली, ती सगळी दोनच मातृझाडांची संतती. त्या लागवडीत विविधता घटल्याचं 2000 साली मायक्रोसॅटेलाइटनेच दाखवलं. डीएनए तुटका असला तरी ही पद्धत बरीच सांभाळून घेते. हर्बेरियममधल्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या पानांसाठी मी आजही तीच निवडेन.

माझं मत फिरलं ते पुढच्या हंगामात. अशा झाडाचा अभ्यास एकदा करून संपत नाही. नवी रोपं उगवतात, त्यांची जुन्यांशी तुलना करावी लागते. मायक्रोसॅटेलाइटमध्ये अ‍ॅलील (डीएनएतल्या एकाच जागेचा एखादा प्रकार) ओळखायचा तो तुकड्याच्या लांबीवरून, आणि यंत्र किंवा रंगद्रव्य बदललं की 182 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा 184 वाचला जाऊ शकतो. मोठ्या समूहात हे एखादवेळेस खपेल. पण एखादा दुर्मीळ अ‍ॅलील टिकला की गेला, हाच जिथे प्रश्न आहे, तिथे दोन बेसच्या फरकाने खोटा अ‍ॅलील जन्माला येतो. मग जुने नमुने नव्यांसोबत पुन्हा चालवा. त्यातली काही झाडं तोवर मेलेली असतात आणि त्यांचा उरलेला डीएनए थेंबाथेंबाने संपत जातो. मला हे फार जिवाला लागलं.

एसएनपीत वाचायचं ते अक्षरच, ए की जी. यंत्र बदललं म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही. शिवाय लहान समूहात मायक्रोसॅटेलाइटच्या बऱ्याच जागी सगळ्या झाडांत एकच अ‍ॅलील निघतो आणि उरलेल्यांवर भावंडं ओळखणं अवघड जातं. एसएनपी हजारोंनी मिळतात.

रॅड-सीक्वेन्सिंगने (डीएनए ठरावीक जागी कापून त्या जागांलगतचा भाग वाचण्याची पद्धत) एसएनपी काढणार असाल तर डीएनए मात्र चांगला हवा, म्हणजे पानं तोडल्यावर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये लगेच वाळवायची. झाड बहुगुणित (गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असलेलं) असेल तर जीनच्या दोन प्रती एकत्र वाचल्या जाऊन विषमयुग्मजता (एकाच झाडात एका जागी दोन वेगळे प्रकार असणं) फुगलेली दिसते, तिथे माझा कल थोडा डळमळतो. आणि मिळालेल्या माहितीतून दुर्मीळ प्रकार चूक समजून गाळणारी चाळणी डोळे झाकून लावू नका, लहान समूहात नेमकं तेच हवं असतं. त्याऐवजी थोडे नमुने दोनदा वाचून घ्या, चुकीचं प्रमाण त्यातून कळतं.