किल्ल्यावर, नवोदयला की घरीच?

मूल पाचवीत गेलं की त्याला बोर्डिंगला घालायचं की घरीच ठेवायचं, हा विषय ग्वाल्हेरच्या मराठी घरांत निघतोच. लष्कर या शहराच्या भागात आमच्या गच्चीवरून किल्ला दिसतो आणि किल्ल्यावर सिंधिया स्कूल आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी १८९७ मध्ये ती काढली ती सरदारांच्या मुलांसाठी. नावच मुळी सरदार स्कूल होतं. त्यामुळे ज्यांचे पणजोबा दरबारात कारकून होते, त्यांच्याही मनात ‘आपला मुलगा किल्ल्यावर’ ही हौस चार पिढ्या मुरलेली आहे. हौस असू द्या, पण कारण वेगळं शोधा.

माझ्या दिराचा मुलगा सहावीपासून बाहेरगावच्या एका बोर्डिंगला आहे, आमचा मुलगा घरी. दोघांत आठ महिन्यांचं अंतर. त्यामुळे ही तुलना मी कागदावर केलेली नाही, दिवाळीच्या दर सुट्टीत ती माझ्यासमोर पाटावर येऊन बसते.

आधी पैसा, कारण बोलायला लाजतात सगळे. किल्ल्यावरचा किंवा त्या तोलाचा खर्च वर्षाला दहा लाखांच्या वर जातो आणि तो सहावी ते बारावी, सात वर्षं करायचा असतो. त्यात गणवेश, सहली, जाणं-येणं, हातखर्च धरा. कर्ज काढून किंवा घर विकून हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गात बाकीचे सुट्टीत परदेशी जाऊन येतात तेव्हा आपला मुलगा काय सांगणार, हाही खर्चाचाच भाग आहे. मुलींसाठी इथेच सिंधिया कन्या विद्यालय आहे, राजमाता विजयाराजे शिंद्यांनी १९५६ मध्ये काढलेलं. तिथेही हिशेब याच जातीचा.

दुसऱ्या टोकाला नवोदय, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, सगळं फुकट. नववीपासून काही मुलांना महिना ६०० रुपये विकास निधी भरावा लागतो, मुलींना तोही माफ. आपल्या नातेवाइकांत अजून ‘सरकारी शाळा आहे ना?’ असं नाक मुरडतात. मुरडू देत. पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. तेव्हापासून खेड्यातल्या किती मुलांना त्यांनी वर काढलं, हे आपल्या ऑफिसात चौकशी केलीत तरी कळेल. अडचण वेगळीच आहे. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या. म्हणजे लष्करातल्या मुलाला स्पर्धा वीसेक जागांची, आणि त्यातही गुणांवर ग्रामीण मुलं येऊ शकतात. मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असायला हवं. सहावीची परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, हे इथे चालत नाही. तुमची बदली डबऱ्या-भितरवारकडच्या एखाद्या खेड्यात झाली असेल आणि मूल तिसरीपासून तिथल्याच शाळेत असेल, तर मी दुसरा विचारही करणार नाही. एक गोष्ट मात्र मुलाला आधी सांगा: नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयला पाठवतात. आयांना ती धास्ती वाटते. मला उलट तीच गोष्ट सगळ्यात आवडते.

सैनिक स्कूल या दोन्हींच्या मधे. आपल्या राज्यातलं जुनं म्हणजे रीवा, १९६२ चं. फी किल्ल्याच्या मानाने बरीच कमी, आता मुलींनाही प्रवेश. पण लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते आणि दिवस पहाटेच्या पीटीने उजाडतो. मुलाला एनडीएला जायचं असेल तर उत्तम. वडिलांनाच जायचं होतं आणि राहून गेलं, तर नको.

इंदूरला आत्या किंवा मावशी असेल तर डेली कॉलेजसारख्या शाळेत डे-स्कॉलर म्हणून घालता येतं. हे अर्धं बोर्डिंगच. आपल्या आजोबांच्या पिढीने पुण्यात वार लावून जेवत शिक्षण केलं, तेही दुसरं काय होतं? फक्त आता आत्याला विचारा, तिच्या सुनेलाही विचारा.

राजस्थानातलं कोचिंगचं कोटा या यादीत मी घेतच नाही. अकरावीला तिथे खोली घेऊन राहणं म्हणजे बोर्डिंग नव्हे. बोर्डिंगमध्ये हाऊसमास्टर असतो, मॅट्रन असते, ताप आला तर रात्री उठवायला कुणीतरी असतं.

आता मूल तिथे काय मिळवतं ते बघा. पुतण्या पहिल्या सत्रानंतर घरी आला तो चादरीची घडी घालायला लागला, दोडका खायला लागला, बॅगेतल्या प्रत्येक कपड्यावर लाँड्री नंबर. फोन आठवड्यातून एकदा. संध्याकाळी मैदान, मग प्रेप म्हणजे अभ्यासाचा ठरलेला तास, मग झोप. आमचा मुलगा तेव्हा शाळा, व्हॅन, कोचिंग आणि रात्री जेवताना मोबाइल. किल्ल्यावर तर रोज सूर्यास्ताला मुलं गप्प बसतात, त्याला अस्ताचल म्हणतात. पंधरा मिनिटं गप्प बसलेला अकरा वर्षांचा मुलगा मी आमच्या घरात पाहिलेला नाही. तुम्ही दोघंही रात्री आठला घरी येत असाल आणि दुपारभर मूल कुलपाआड एकटं असेल, तर बोर्डिंगला घालून तुम्ही त्याला घरापासून तोडत नाही. घर दिवसभर रिकामंच होतं.

पण आम्हा बाहेरच्या मराठी माणसांचा एक हिशेब महाराष्ट्रातल्या लोकांना नसतो. साताऱ्याचं मूल पाचगणीला गेलं तरी बाजारात मराठी ऐकतं. आमच्या इथे रस्ता हिंदी, शाळा इंग्रजी. मराठी फक्त घराच्या चार भिंतींत. मूल दहाव्या वर्षी गेलं की त्याची मराठी दहाव्या वर्षीच थांबते. पुतण्याला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो. आजी विचारते, ‘जेवलास का रे?’ तो म्हणतो, ‘हाँ आजी, खा लिया.’ त्यात त्याची चूक नाही. गणपती ऐन सत्रात येतो, सुट्टी मिळते दिवाळीला. सात वर्षं त्याने घरच्या आरतीत टाळ धरलेला नाही. आमचा मुलगा मात्र आठवड्यातून तीन दिवस माधव संगीत महाविद्यालयात जातो. भातखंडेबुवांच्या हातून १९१८ मध्ये सुरू झालेली ही संस्था घरापासून दहा मिनिटांवर असताना तो तबला सोडून दूर पाठवणं मला जमलं नसतं. ही माझी आवड झाली, तुमचं गणित वेगळं असेल.

मुलींबाबत एक आगाऊ सल्ला. सहावीत पाठवत असाल तर पहिली पाळी बहुधा हॉस्टेलातच येणार. शाळा बघायला जाल तेव्हा जलतरण तलावाआधी मॅट्रनला भेटा आणि हा प्रश्न थेट विचारा. ती लाजली, तर परत या.

आणि शाळेच्या वार्षिकोत्सवाला जाऊन निर्णय घेऊ नका. साध्या मंगळवारी जा, मेसमध्ये जेवा, दवाखान्याची खोली बघा, सीनियर मुलं धाकट्यांना कशी हाक मारतात ते कान देऊन ऐका.

त्याआधी घरी एक चाचणी करता येते. आम्ही मे महिन्यात मुलाला पुण्याला आत्याकडे तीन आठवडे एकट्याला ठेवलं. पहिले चार दिवस रोज रात्री रडका फोन. नवव्या दिवशी तो फोन करायचाच विसरला. म्हणजे तो राहू शकला असता. यांची ड्यूटी सहाला संपते, सासूबाई घरी असतात, म्हणून त्याला घरीच ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, ‘वहिनी, तुमच्याकडे सासूबाई आहेत, माझ्याकडे नव्हत्या.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.