मॅकफार्लेनचा सात इंची बॅटमॅन मार्व्हल लेजेंड्सच्या फळीवर शोभतो का?

मॅकफार्लेन टॉइजच्या डीसी मल्टिव्हर्स या सात इंची अॅक्शन फिगरच्या मालिकेतला बॅटमॅन हातात घेतला की आधी नजरेत भरतं ते कोरीवकाम. पट्ट्याचे कप्पे, सूटचा पोत, केपच्या चुण्या, या किमतीत इतकं बारीक काम क्वचितच मिळतं. केप कडक प्लास्टिकची असली तर तिच्या वजनानं फिगर मागे कलंडते, म्हणून सोबतचा काळा बेस वापराच. फळीवर त्याला एकट्यालाच उभं करायचं असेल तर घेऊन टाका.

अडचण आहे ती शेजाऱ्यांची. हॅस्ब्रोची मार्व्हल लेजेंड्स ही सहा इंची फिगरची मालिका १:१२ मापाची, म्हणजे सहा फुटी माणूस १५२ मिमी. २०२० मध्ये सुरू झालेली मॅकफार्लेनची मालिका साधारण १:१० ची. तिच्यात तोच माणूस १८३ मिमी. घेण्याआधी एक गणित करा. फिगरची उंची मिमीमध्ये मोजा (कानांची टोकं सोडून, माथ्यापर्यंत), १२ ने गुणा, १० ने भागा: १:१२ च्या फळीवर ती किती सेंमीच्या माणसाएवढी दिसेल ते कळतं. १७८ मिमीचे होतात २१३ सेंमी, म्हणजे सात फूट. कॉमिक्समधला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, ६ फूट २ इंचांचा. त्यामुळे स्पायडरमॅन त्याच्यापुढे शाळकरी पोर दिसतो.

याच गणितानं काही पात्रं मात्र अगदी चपखल बसतात. डार्कसाइड, किलर क्रॉक, स्वॅम्प थिंग यांनी दांडगंच दिसायला हवं. डॅमियन वेनचा रॉबिन मुळात लहान मुलगा, तोही मोजून बघण्यासारखा.

पाय कापून उंची कमी करायच्या फंदात पडू नका. १७८ आणि १५२ मधले २६ मिमी फक्त पायांतून काढले तर धड, हात, डोकं मोठंच राहतं आणि फिगर बुटकी दिसते. खांद्यांची रुंदी तर कशानंच लपत नाही. सहा इंची फिगरखाली २५ मिमीचा अॅक्रिलिकचा ठोकळा ठेवला तर डोकी एका रेषेत येतात, पण हाच फरक उघडा पडतो.

त्यापेक्षा अंतर वापरा. १७८ आणि १५२ यांत १७ टक्के फरक आहे. पुढची रांग डोळ्यांपासून ९० सेंमीवर असेल तर सात इंची फिगर तिच्या १५ सेंमी मागे ठेवा, दोन्ही सारख्याच उंचीच्या भासतील. मागच्याचे पाय पुढच्या रांगेआड झाकले गेले पाहिजेत. जमिनीची रेषा दिसली की डोळा फसत नाही. फळी निदान २५ सेंमी खोल हवी.

डोकी बदलायची असतील तर सात इंचीचं डोकं सहा इंची धडावर बसवू नका, भोपळ्यासारखं दिसतं. उलटं मात्र छान जमतं: लहान डोक्यामुळे मोठं धड आणखी राक्षसी वाटतं. ७०-८० अंशांच्या पाण्यात मिनिटभर मान बुडवा, डोकं सरळ वर ओढा. पिळलं तर आतली खुंटी तुटते. नवं डोकं डुगडुगत असेल तर मानेच्या गोळ्यावर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा. घट्ट असेल तर डोक्यातलं भोक हातड्रिलनं अर्धा-अर्धा मिमी वाढवत जा. मानेतली फट भरायला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं. दोन्ही भाग समप्रमाणात, रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. फिगरच्या गुळगुळीत पीव्हीसी प्लास्टिकवर ते धरत नाही, म्हणून आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. वरून स्प्रे पेंट मारू नका, मऊ पीव्हीसीवर तो महिनोन् महिने चिकट राहतो. पाण्यातला अॅक्रिलिक रंग पातळ थरांत द्या.

बॅटमॅन खरोखर कॅप्टन अमेरिकाच्या खांद्याला खांदा लावून हवा असेल तर मॅटेलची जुनी सहा इंची डीसी युनिव्हर्स क्लासिक्स मालिका वापरलेल्या मालात शोधा. मेडिकॉमची माफेक्स मालिकाही मापात बसते, पण खिसा बराच हलका होतो.